दवाखान्याचा निरोप फोनवर आला, पण घरात पोचला का?



आपल्या उसाची गाडी काट्यावर चढते आणि ती खाली व्हायच्या आत आपल्या खिशातला फोन वाजतो. खेप कितवी, वजन किती, सगळे त्यात लिहिलेले असते. तो संदेश आपण एकदा नव्हे, दोनदा वाचतो. चष्मा घरी राहिला असेल तर नातवाला हाक मारून वाचून घेतो. वजनात थोडा जरी फरक वाटला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी गट ऑफिसच्या दारात आपण हजर. हे योग्यच आहे. घामाच्या मालाचे वजन आपण पाहायचे नाही तर कुणी पाहायचे?

आता त्याच फोनवर दुसरा एक संदेश येतो. "आपली रक्तदाब तपासणीची तारीख उलटून गेली आहे." किंवा, "बाळाच्या पुढच्या लसीची तारीख जवळ आली आहे." या संदेशाचे काय होते? बहुतेक घरांत तो कुणी उघडतसुद्धा नाही. एखादा फोन येतो, अनोळखी नंबर दिसतो, आणि "कुठल्या तरी कर्जवाल्याचा असंल" असे म्हणून आपण तो कापतो. उसाच्या वजनाचा हिशेब तोंडपाठ असणारा आमचा सभासद स्वतःच्या रक्तदाबाचा आकडा विचारला की बायकोच्या तोंडाकडे पाहतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारी आणि सेवाभावी दवाखान्यांनी रोग्याशी बोलण्यासाठी मोबाईलचा मोठा वापर सुरू केला आहे. त्यात खरोखर उपयोगी काय, फसले काय, आणि आपण सभासदांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार या लेखात करू. आम्ही डॉक्टर नाही. औषध कोणते घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. डॉक्टरचे म्हणणे रोग्याच्या कानापर्यंत आणि पुढे त्याच्या डोक्यापर्यंत कसे पोचते, एवढाच आमचा विषय आहे.

नर्सबाईचा फोन

प्रथम आपल्या वयाच्या मंडळींचा विषय घेऊ. रक्तदाब, म्हणजे आपल्या भाषेत बीपी. हा आजार मोठा लबाड. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही की खोकला नाही. त्यामुळे गोळ्या सुरू केल्या, महिनाभर घेतल्या, "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केल्या, ही गोष्ट घरोघरची. बरे वाटत होते ते गोळीमुळे, हे मात्र कुणी समजावून सांगितलेले नसते. पुढे एके दिवशी तोंड वाकडे होते, हातपाय लुळे पडतात, आणि मग गाडी करून शहराच्या दवाखान्यात पळापळ. एका उसाच्या बिलात भागत नाही एवढा खर्च.

याच दुखण्यावर भारतात २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. पाच राज्यांतले २५ जिल्हे त्यात प्रथम घेतले. आपल्या महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे त्यात होते. सातारा म्हणजे तर आपल्यासारखाच उसाचा मुलूख. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा पुरस्कारही मिळाला.

त्यात केले काय, ते पाहण्यासारखे आहे. रोग्याच्या हातात एक छोटे कार्ड दिले. त्यावर चौकोनी ठिपक्यांची ती खूण, जी आपण किराणा दुकानात पैसे देताना पाहतो, तीच. रोगी आला की नर्सबाई आपल्या फोनने ती खूण टिपतात आणि त्याचा मागचा सगळा हिशेब समोर येतो. मागच्या खेपेला बीपी किती, गोळी कोणती, पुढची तारीख कोणती. आजचा आकडा घातला की मिनिटाभरात काम संपले. जाडजूड रजिस्टर चाळत बसायला नको. या फोनमधल्या व्यवस्थेचे नावच 'सिंपल' असे आहे, म्हणजे साधी.

पण आमच्या मते खरी गंमत पुढे आहे. जो रोगी तारखेला आला नाही, त्याचे नाव आपोआप एका वेगळ्या यादीत जाते. कारखान्यात थकबाकीदारांची यादी निघते ना, तशीच. ती यादी घेऊन नर्सबाई फोन लावतात. बोलणे साधारण असे होते.

"मामा, दवाखान्यातनं बोलतेय. गोळ्या संपल्या असतील, आला नाहीत?"

"अगं पोरी, आता बरं वाटतंय. म्हणून बंद केल्या."

"बरं वाटतंय ते गोळीनंच मामा. आकडा बघायला तरी या. सोमवारी येताय का?"

"सोमवारी तोड हाय. मंगळवारी येतो."

बघा, एवढेच बोलणे. पण यात तीन गोष्टी झाल्या. एक, मामांनी गोळी का सोडली हे दवाखान्याला कळले. दोन, ते कारण चूक आहे हे मामांना कळले. तीन, यायचा दिवस ठरला. हेच काम छापील संदेशाने झाले असते का? "आपली तारीख उलटली आहे" एवढे सांगून यंत्र गप्प बसते. "का नाही आलात?" हे विचारायला माणूस लागतो. यंत्राने यादी काढली, माणसाने विचारपूस केली, आणि म्हणून रोगी परत आला. हा धडा पुढच्या सगळ्या गोष्टींना लागू आहे.

पोटुशी बाईच्या कानातला आवाज

आता लेकी-सुनांकडे येऊ. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी २००८ मध्ये 'अरमान' नावाची संस्था काढली. मोठ्या सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची रांग एवढी, की डॉक्टरला एकेका बाईशी दोन मिनिटेही बोलता येत नाहीत. बाई तास न् तास बसते, तपासून घेते, गोळ्या घेते आणि घरी जाते. गोळ्या कशासाठी, काय खायचे, कोणते लक्षण धोक्याचे, हे सांगायचे राहूनच जाते. त्यावर उपाय म्हणून २०१४ पासून या संस्थेने 'एम-मित्र' नावाने फोनवरून आवाजी निरोप पाठवायला सुरुवात केली. गरोदरपणापासून मूल वर्षाचे होईपर्यंत मिळून १४५ निरोप. लिहिलेले नाही, बोललेले. कारण वाचता न येणाऱ्या बाईलाही ऐकता येतेच.

यातली एक बाब आम्हाला फार शहाणपणाची वाटली. निरोप कोणत्या भाषेत हवा आणि दिवसाच्या कोणत्या वेळेला हवा, हे त्या बाईलाच विचारले जाते. सकाळी डबे करायच्या घाईत फोन आला तर ती ऐकणार कशी? आणि नवरा फोन घेऊन कामावर गेला असेल त्या वेळी निरोप आला, तर तो ऐकला नवऱ्याने, तोही अर्धा!

केंद्र सरकारचा असाच 'किलकारी' नावाचा उपक्रम २०१६ मध्ये काही राज्यांत सुरू झाला. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ निरोप त्यात येतात. पैसे पडत नाहीत. महाराष्ट्रात तो २०२४ मध्ये सुरू झाला. नर्सबाई किंवा आशाताईंनी गरोदर बाईची नोंद करताना जो मोबाईल नंबर लिहून घेतला, त्यावरच हे फोन येतात. म्हणजे नंबर चुकला की सगळेच चुकले.

आता याचा गुण किती आला, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या वार्ताविशेषात आम्ही बियाण्याचे गुण सांगतो तसे दोषही सांगतो, तोच न्याय इथे. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत सुमारे ५,००० गरोदर बायकांवर 'किलकारी'ची पद्धतशीर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. निम्म्या बायकांना निरोप पाठवले, निम्म्यांना नाही. पाळणा लांबवण्याची साधने वापरण्याचे प्रमाण निरोप ऐकणाऱ्यांत थोडे वाढले. पण बाळाला सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, या बाबतीत दोन्हीकडे फरक दिसला नाही.

आता यात नवल ते काय? बाळाला मध चाटवायचा की नाही, गुटी उगाळायची की नाही, हे आपल्या घरांत सूनबाई ठरवते का? ते ठरवते आजी. आणि फोन येतो सुनेला. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्या कानावर निरोप गेला नाही, तर निरोप कितीही गोड आवाजातला असो, तो वाऱ्यावर जातो. म्हणून आमची घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विनंती आहे की सुनेचा असा फोन आला तर तो मोठ्या आवाजावर लावून सगळ्यांनी मिळून ऐकावा. दोन-चार मिनिटांचेच काम आहे. न पटले तर आशाताईंना बोलवून खुशाल वाद घालावा. वाद घातला तरी चालेल, पण ऐकावे.

आपल्या फडातल्या भगिनी

हे झाले आपल्या घरातले. पण या पानावर आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही.

दरवर्षी हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागातून ऊसतोड मजूर आपल्या कार्यक्षेत्रात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्या श्रमावर आपली मोळी गव्हाणीत पडते. त्यांच्यातल्या कितीतरी बायका पोटुशी असतात, कितीतरी जणींच्या काखेला तान्हे मूल असते. त्यांची नोंद झालेली असते गावाकडे, तीन-चार जिल्हे पलीकडे. माता-बाल कार्ड बहुधा घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेले. पुढची तपासणी कुठे करायची, हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगायला त्यांच्या गावची आशाताई इथे नाही, आणि आपल्या गावच्या आशाताईंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

आणि फोन? फोन असतो नवऱ्याकडे. तो गाडी घेऊन कारखान्यावर, नंबर लागण्याची वाट पाहत यार्डात. बाई फडात मोळ्या बांधतेय किंवा कोपीवर भाकरी थापतेय. निरोप येतो आणि यार्डातल्या गोंगाटात विरतो. त्यातच कोपीत वीज नाही. फोनची बॅटरी संपली की तो चार्ज करायला आपल्याच मळ्यातल्या घरी देतात. कित्येक सभासद तो आनंदाने लावूनही देतात. काही ठिकाणी मात्र "रोज रोज काय?" म्हणून तोंड फिरवले जाते. आम्ही एवढेच म्हणतो की त्या फोनमध्ये कदाचित एका बाळंतपणाचा निरोप अडकलेला असतो.

नीट समजावून न सांगण्याची किंमत काय असते, ते याच भगिनींनी मोजले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यात तरुण बायकाही होत्या. पाळीचा त्रास, पांढरे जाणे अशा साध्या तक्रारी घेऊन बाई गेली, "पुढं कॅन्सर होईल" एवढे ऐकले आणि घाबरून टेबलावर चढली, असे अनेकींनी सांगितले. खाडा पडला तर पैसे कापले जातात ही भीती मागे होतीच. दुसरा उपाय आहे का, गोळ्यांनी बरे होईल का, काढल्यावर पुढे काय त्रास होतो, हे प्रश्न विचारायला तिला कुणी उसंत दिली नाही. आता बोला. ज्या बायकांच्या कोयत्यावर आपले गाळप उभे आहे, त्यांच्याबद्दल हे वाचून आपण गप्प कसे बसणार?

या बाबतीत तंत्राची एक सोय खरोखर उपयोगी आहे. मुलांच्या आणि गरोदर मातांच्या लसीकरणाची नोंद आता 'यू-विन' या सरकारी व्यवस्थेत होते. ती २०२४ पासून देशभर वापरात आली. तिचा फायदा असा की पहिली लस बीडला घेतली तरी पुढची आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेता येते. कार्ड पेटीत राहिले तरी नोंद फोनवरून निघते, आणि पुढच्या तारखेचा संदेशही येतो. पण त्यासाठी ती बाई केंद्राच्या दारापर्यंत गेली पाहिजे. त्या दारापर्यंतची वाट तिला माहीत नाही. ती आपल्याला माहीत आहे.

गोळीमागचा नंबर

यंत्रावर जास्त विसंबले की काय होते, त्याचे उदाहरण क्षयरोगाचे. क्षयाचे औषध निदान सहा महिने न चुकता घ्यावे लागते. मध्येच सोडले तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. रोगी रोज गोळी घेतो की नाही हे कळावे कसे? त्यासाठी भारतात एक नामी युक्ती निघाली. गोळ्यांच्या पाकिटाला बाहेरून एक कागदी वेष्टन लावायचे. गोळी काढली की तिच्यामागे दडलेला फोन नंबर दिसतो. रोग्याने त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. पैसे लागत नाहीत. कॉल आला म्हणजे गोळी निघाली. '९९ डॉट्स' असे या पद्धतीचे नाव.

युक्ती चांगली, स्वस्त आणि साध्या फोनवर चालणारी. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई इथल्या रोग्यांच्या लघवीची तपासणी करून प्रत्यक्ष पडताळणी केली, तेव्हा हिशेब जुळला नाही. काहींनी गोळी घेतली होती, पण कॉल दिला नव्हता. काहींच्या नावापुढे गोळी घेतल्याची नोंद होती, पण पोटात गोळी नव्हती. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. उसाच्या नोंदीत क्षेत्र दोन एकर लिहिले म्हणून शेतात दोन एकर ऊस उभा असतोच असे नाही, हे आपल्या शेतकी खात्याला चांगले ठाऊक आहे. म्हणून तर माणूस बांधावर जाऊन पाहतो. रोग्याचेही तसेच. फोनमध्ये हिरवी खूण दिसली म्हणजे रोगी बरा आहे असे नव्हे.

आपल्या भागात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. निदान झाले तर औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसेही थेट खात्यात जमा होतात. ही रक्कम २०१८ मध्ये ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. बँक खाते आणि मोबाईल नंबर बरोबर लिहून द्यावा, म्हणजे हे पैसे अडकत नाहीत.

पडद्यावरचे डॉक्टर

करोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, फोनवरून किंवा पडद्यावरून रोगी तपासण्याचे नियम देशात प्रथमच जाहीर झाले. सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, आरोग्य केंद्रांसाठी सुरू झालीच होती. एप्रिल २०२० पासून ती घरबसल्याही मिळू लागली. आज उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आपल्यासमोर बसून जिल्ह्याच्या किंवा शहराच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी पडद्यावर बोलणे करून देतात. कातडीचा आजार, जुने बीपी, शुगर, रिपोर्ट दाखवणे अशा कामासाठी एक दिवसाचा खाडा आणि गाडीभाडे वाचते. मात्र छातीत दुखणे, दम लागणे, सर्पदंश, विषबाधा, अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव यांसाठी पडद्यापुढे बसून राहू नये. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि दवाखाना गाठावा.

पडद्यावर डॉक्टरांना आपली नाडी हाताला लागत नाही. त्यांना सगळे आपल्या तोंडूनच कळायचे. म्हणून बोलायला बसण्याआधी एका कागदावर लिहून ठेवावे: त्रास कधीपासून, चालू गोळ्या कोणत्या, आणि आपल्याला विचारायचे काय. चालू गोळ्यांची पाकिटे हाताशी ठेवावीत. बोलणे संपताना, "डॉक्टरसाहेब, मी समजलो ते असं, बरोबर आहे का?" असे म्हणून त्यांचे सांगणे त्यांनाच परत ऐकवावे. यात लाजण्यासारखे काही नाही. उलट चांगल्या डॉक्टरला याचा आनंद होतो, कारण गैरसमज तिथल्या तिथे निस्तरतो.

आता भाषेचा मुद्दा. २०२१ मध्ये करोनाच्या लसीसाठी 'कोविन'वर नोंदणी करायची होती, तेव्हा सुरुवातीचे काही महिने तो कारभार इंग्रजीत होता. ज्याच्या घरी शिकलेले पोर त्याला लस, बाकीचे ताटकळत. फोन आणि इंग्रजी नसणाऱ्याने काय करावे, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही त्या मे महिन्यात उपस्थित केला. जूनमध्ये मराठीसह इतर भाषा आल्या, थेट केंद्रावर जाऊनही लस मिळू लागली, आणि गर्दी पुढे सरकली. आजही खासगी प्रयोगशाळांचे रिपोर्ट आणि संदेश बहुधा इंग्रजीतच येतात. तेव्हा "हे मला मराठीत सांगा" असे म्हणण्याचा आपला हक्क आहे, हे ध्यानात ठेवावे.

जरा जपून

फोनवरून चांगले येते तसे वाईटही येते. "हा काढा प्या, शुगर कायमची जाईल," "इन्सुलिनची सवय लागते, घेऊ नका," असले संदेश गावोगावच्या ग्रुपवर फिरतात. साखर कारखान्याच्या सभासदाने साखर तपासायला लाजू नये आणि असल्या संदेशांवर गोळी बंद करू नये. पुढे ढकलण्याआधी आशाताई किंवा आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे, 'आभा' नावाचा १४ आकडी आरोग्य क्रमांक आता काढून देतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी योजनेत आपले रिपोर्ट एकत्र जोडता येतात. तो मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले किंवा फोनवरून ओटीपी विचारला तर देऊ नये.

तिसरे, कुणाचाही रिपोर्ट ग्रुपवर टाकू नये. एखाद्या पोरीची तपासणी, एखाद्याचा क्षय, हे चावडीवर मांडायचे विषय नव्हेत. एकदा गेलेला संदेश परत घेता येत नाही आणि जुळत आलेली सोयरीक त्यापायी मोडते.

आता करायचे काय?

सभासदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढील गोष्टी या हंगामात जरूर कराव्यात.

१. आरोग्य केंद्रात दिलेला मोबाईल नंबर आजही चालू आहे का, ते पाहावे. नंबर बदलला असेल तर नर्सबाईंना सांगावे. गरोदर बाईचा नंबर शक्यतो तिच्याच हातातल्या फोनचा असावा.

२. तीस वर्षांवरील प्रत्येकाने बीपी आणि शुगर तपासून घ्यावी आणि आकडा लिहून ठेवावा. बीपी १४० वर ९० किंवा त्याच्या वर सतत येत असेल तर डॉक्टरांना भेटावे. सुरू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

३. दवाखान्याचा फोन आला तर कापू नये. कामात असाल तर "संध्याकाळी करा" असे सांगावे.

४. आपल्या फडात उतरलेल्या टोळीत पोटुशी बाई किंवा लहान मूल असेल, तर आपल्या गावच्या आशाताईंना तेवढे कळवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी असते. त्या दिवशी त्या बाईला केंद्रापर्यंत सोडण्याची सोय करावी. मुकादमाने खाडा धरू नये, हे आपण सांगितले तर तो ऐकतो. आपला शब्द त्याच्याकडे चालतो.

५. त्यांचे फोन चार्ज करू द्यावेत.

६. मन उदास राहणे, झोप न लागणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे, अशा वेळी 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि मराठीतही बोलता येते. क्षयाविषयी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

कारखान्याच्या बाजूनेही एक पाऊल टाकता येईल. हंगामाच्या सुरुवातीला टोळ्या उतरल्या की त्यांची यादी आपल्या शेती खात्याकडे होतेच. किती कोयते, मुकादम कोण, मुक्काम कुठे, सगळे त्यात असते. त्याच यादीत आणखी दोन रकाने घालावेत: गरोदर महिला किती, आणि पाच वर्षांखालील मुले किती. नावे जाहीर करायची गरज नाही. हा आकडा आणि मुक्कामाचे ठिकाण दर आठवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले, तर नर्सबाई कोपीपर्यंत जाऊ शकतील. यासाठी नवीन यंत्र नको, नवीन खर्च नको. चिटबॉयच्या हातातला फोन पुरे आहे. ही सूचना आम्ही या अंकाद्वारे संचालक मंडळापुढे ठेवत आहोत. सभासदांनी आपले मत गट ऑफिसात लेखी द्यावे, म्हणजे येत्या वार्षिक सभेत तिचा विचार होऊ शकेल.

वजनाचा संदेश आपण दोनदा वाचतो, तसाच दवाखान्याचा संदेशही दोनदा वाचावा. आणि जिला तो वाचता येत नाही, ऐकायला सवड मिळत नाही, ती आपल्याच उसात कोयता घेऊन उभी आहे, हे विसरू नये.